हरेश्वरच्या तीन खापऱ्या

हरेश्वर चिखले समुद्राला कधी भ्यायला नाही. बाराव्या वर्षी बापाबरोबर होडीवर चढला तो बासष्टाव्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला तेव्हाच उतरला. मधल्या पन्नास वर्षांत त्यानं दोन मोठी वादळं अंगावर घेतली. एकदा इंजिन बंद पडून दीड दिवस मढच्या पुढे नुसता तरंगत राहिला, घरी आला, न्हाला, जेवला आणि झोपून गेला. त्याची भीती वेगळी होती. तो कागदाला भ्यायचा. बँकेचा फॉर्म समोर आला की या माणसाच्या तळहाताला घाम सुटायचा. टेबलापलीकडचा साहेब काहीतरी विचारणार, आपल्या तोंडून काहीतरी चुकीचं जाणार, तो ते लिहून ठेवणार आणि लिहिलेलं कधी पुसता येणार नाही, अशी त्याची खात्री होती. शाळा चौथीत सुटली होती, पण गुरुजींचा धाक काही सुटला नव्हता.

अशा माणसाच्या पोटी पूर्वी नावाची ही मुलगी यावी, ही गंमतच. तिला कागदावाचून करमायचं नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात त्यांच्या आळीत इतकं शिकलेली ती पहिलीच. अंधेरीच्या एका कॉलेजात सात वर्षं ती इतिहास शिकवत होती, तेही तासिकेवर, म्हणजे दर जूनला पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत. त्याच्या जोडीला पीएचडी चालू होती, आणि ती रोमवर. आळीतले लोक विचारायचे, तुमच्या पोरीला रोमचं काय पडलंय? हरेश्वरनं उत्तर पाठ करून ठेवलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडची गलबतं दारू आणि तेल भरलेली उंच, दोन कानांची मडकी घेऊन कोकणच्या खाड्यांत यायची, त्या मडक्यांची खापरं अजून किनाऱ्यावर सापडतात आणि माझी पोर ती गोळा करते. सरकारची परवानगी घेऊन, हे शेवटचं वाक्य तो जरा मोठ्यानं म्हणायचा.

दीड वर्षापूर्वी पूर्वीनं अशीच दोन गोणी खापरं एका जुन्या बंदरावरून आणली. कॉलेजला मे महिन्याची सुट्टी, खोलीला कुलूप, आणि तिची स्वतःची पेपर तपासायची ड्युटी लागलेली. म्हणून गोणी घरी आल्या आणि धुवायचं काम आईबापावर पडलं. हरेश्वर आणि रुक्मिणी दोन दिवस अंगणात बसून जुन्या टूथब्रशनं खापरं घासत होती. एरवी जिथं बोंबील वाळायचे तिथं बांबूखाली चादरी टाकून रोम वाळत पडलं. पूर्वीनं सांगून ठेवलं होतं, काठांचे तुकडे एका बाजूला, कानांचे एका बाजूला आणि नुसते सपाट तुकडे तिसऱ्या ढिगात. सपाट तुकड्यांचा ढीग सगळ्यांत मोठा होता आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

तीन तुकडे हरेश्वरच्या हाताला फार गोड लागले. जाड, चपटे, तळहाताएवढे. होडी सुटल्यापासून तो खाडीच्या कडेला उभा राहून पाग टाकायचा. पाग म्हणजे हातानं भिरकावायचं गोल जाळं, त्याच्या कडेला वजनं बांधावी लागतात म्हणजे ते झटकन बुडतं. आता सगळे शिसं बांधतात. पण हरेश्वरचा बाप खापरी बांधायचा, आणि खापरीला भोक पाडायची त्याची रीत हरेश्वरच्या बोटांत होती. मशीन लावलं तर खापरी तडकते. टोच्या, म्हणजे टोकदार सळई घ्यायची, चिमूटभर वाळू, थेंबभर पाणी, आणि अर्धं भोक एका बाजूनं, अर्धं दुसऱ्या बाजूनं पाडायचं. मग पंधरा दिवस खाडीच्या चिखलात पुरून ठेवायची, म्हणजे भोकाची कड मुरून खापरीच्याच रंगाची होते. हरेश्वरनं टाकाऊ म्हणून ते तीन तुकडे उचलले, भोकं पाडली, चिखलात मुरवले, पागाला बांधले आणि महिनाभर वापरले.

मग एके दिवशी वजनं नाहीशी झाली. झालं होतं असं, की जाळं वाळत घालताना रुक्मिणीला ती खापरं दिसली. पोरीची वस्तू आपल्या नवऱ्यानं जाळ्याला बांधली हे बघून ती चरफडली, तिनं ती सोडवली, ब्रशनं स्वच्छ घासली आणि इमानदारीनं गोणीत परत टाकली. गोणी कॉलेजात गेली. पोरीचं काही हरवायला नको, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं. नवऱ्याला दोन शब्द सुनावून ती विसरली, तोही विसरला.

गेल्या मंगळवारी पूर्वीनं घरी येऊन पलंगावर एक लांबलचक पोस्टर उलगडलं. त्यावर नऊ खापऱ्यांचे फोटो होते, एकेक फोटो पापलेटाएवढा. प्रत्येक खापरीला एक भोक होतं.

"शनिवारी आमच्या कॉलेजात परिषद आहे ना, त्यात मी हे मांडणार," ती म्हणाली. "परदेशातून माणसं येणार आहेत. रोमच्या जुन्या वस्तूंचा अर्थ कसा लावायचा, त्याचे सिद्धान्त काय, यावर दोन दिवस नुसती चर्चा. आणि बाबा, सगळे म्हणतात रोमचा माल जिथं जाईल तिथली माणसं थोडीफार रोमन होतात. मी म्हणते उलटं झालं. हे बघ, दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसांनी रोमचं मडकं घेतलं, फोडलं आणि जाळ्याला बांधलं. त्यांना रोमचं काही पडलेलंच नव्हतं."

"भारीच की," हरेश्वर म्हणाला. दोन खापऱ्या त्यानं लांबूनच ओळखल्या होत्या. एकीचा कोपरा टोच्या निसटून उडाला होता, दुसरीच्या पोटातून काळी रेघ गेली होती. तिसरी कुठली हे बघायचा त्याला धीर झाला नाही. तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि मोरीजवळ भिंतीला धरून उभा राहिला.

पूर्वी बाहेर गेल्यावर त्यानं रुक्मिणीला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"मीच टाकली ती गोणीत," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगा तिला. आजच सांगा. माज्यानं नाय होनार."

"तिची डिग्री हाय ती गो. साहेबलोक तिला खोटारडी बोलतील."

"तिनं वर उभं राहून बोलल्यावर सांगाल तर तिचं तोंड कालं होईल. आता सांगाल तर तुमचं."

बाईचं म्हणणं सरळ होतं. पण सरळ गोष्टीच हरेश्वरला जमत नसत. बुधवारी पूर्वी रात्रीपर्यंत कॉलेजात होती. गुरुवारी तो तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला, तर ती फोनवर कुणाला तरी सांगत होती की यंदा जागा कायम व्हायची शक्यता आहे, मुलाखतीला बसणाऱ्या माधुरी मॅडमच परिषदेच्या अध्यक्ष आहेत. तो आल्या पावली परत फिरला. शुक्रवारी त्याला जेवण गेलं नाही. त्याला सारखं एकच दिसत होतं, एक मोठं टेबल, पलीकडे साहेब, आणि पूर्वीच्या नावापुढे कोणीतरी शाईनं काहीतरी लिहितंय.

शनिवारी सकाळी रिक्षात पूर्वीनं खापऱ्यांचा खोका त्याच्याच मांडीवर दिला. आत कापूस होता, नऊ खळगे होते आणि प्रत्येक खापरीला आतल्या बाजूनं बारीक काळ्या शाईत नंबर टाकलेला होता. "नीट धर हां बाबा, माझा जीव आहे त्यात," ती म्हणाली. हरेश्वरनं खोका असा धरला की बोटं पांढरी पडली. सात बंगल्याच्या नाक्यापासून अंधेरीपर्यंत तीन सिग्नल लागले आणि तिन्ही सिग्नलला त्यानं तोंड उघडून पुन्हा मिटलं. रिक्षा कॉलेजच्या फाटकात वळली तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

हॉलमध्ये त्याच्या गळ्यात एक पट्टा अडकवला गेला, त्यावर 'अतिथी' लिहिलं होतं. खोका बाजूच्या टेबलावर मांडला गेला आणि त्याला दुसऱ्या रांगेत बसवलं. पहिल्या गोऱ्या साहेबानं पाऊण तास भाषण केलं. शेजारी बसलेल्या सम्यकनं कानात सांगितलं की रोम असं काही होतं का, की ते आपण नंतर ठरवलं, असा त्याचा प्रश्न आहे. हा सम्यक घाटकोपरचा, पूर्वीबरोबरच पीएचडी करणारा, सभ्य पण चुका काढण्यात एकदम तरबेज. हरेश्वरला वाटलं, असं असेल तर बरंच झालं. रोमच नसेल तर खापऱ्याही नाहीत, भोकंही नाहीत. पण पुढच्या बाईनं उठून रोम होतंच म्हणून ठणकावलं आणि त्याची तेवढीही आशा गेली.

चहाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर पहिलं नाव पूर्वीचं होतं. हरेश्वरला कळलं की आता नाही तर कधीच नाही. चहाचा कप तसाच ठेवून त्यानं तिला जिन्यात गाठलं.

"पूर्वे, ती भोकं," तो म्हणाला. "जुनी नाहीत."

"म्हणजे?"

"मी पाडलीत. तू खापरं घरी आनलीस ना, तवा. पागाला बांधली. तुझ्या आयेनं तुझी समजून परत टाकली."

पूर्वीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. लहानपणी शाळेच्या सहलीत हरवली होती आणि सापडली तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता. ती भिंतीला टेकली.

"किती?"

हरेश्वरनं तीन म्हणायला तोंड उघडलं. तिचे डोळे त्याच्या तोंडावर खिळले होते. त्या डोळ्यांत इतकी भीती होती की पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस जागच्या जागी गळाला.

"एक," तो म्हणाला.

"एकच?"

"हां. कोपरा उडालेली."

तिनं डोळे मिटून श्वास घेतला. "ठीक आहे. आठ राहतात. आठावर चालेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि आत गेली. हरेश्वर जिन्यातच उभा होता. त्याला वाटलं धावत जावं आणि सांगावं, पण तो गेला नाही. भीतीपोटी तो आयुष्यात पहिल्यांदा पोरीशी खोटं बोलला होता, आणि तेही तिच्या भल्यासाठी नाही, स्वतःची सुटका व्हावी म्हणून. हे त्याला तिथंच कळलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तो आत येऊन आपल्या जागेवर बसला तेव्हा पूर्वी बोलायला उभी राहिली होती. भाषण इंग्रजीत होतं. हरेश्वरला त्यातलं 'फिशिंग' आणि 'नेट' एवढंच समजत होतं. पडद्यावर नऊ खापऱ्या आल्या. कोपरा उडालेल्या खापरीवर तिनं लाल फुली मारली आणि ती 'माय फादर' म्हणाली. हॉलमध्ये खुसखुस झाली, कोणीतरी हसलं. पहिल्या रांगेतल्या माधुरी मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला. पूर्वीचा आवाज दोनदा कापला, पण ती थांबली नाही. शेवटी टाळ्या वाजल्या. हरेश्वरनंही वाजवल्या, आणि त्याला आपलेच हात परके वाटत होते.

मग सम्यक उठला. त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हे हरेश्वरला त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. माधुरी मॅडमनी मान डोलावली. पूर्वी थोडी थबकली, मग तिनं दुसऱ्या रांगेकडे बोट केलं आणि सगळ्या हॉलनं मान वळवून हरेश्वरकडे पाहिलं.

"बाबा," पूर्वी माइकमध्ये मराठीत म्हणाली, "सम्यक विचारतोय, बाकीची आठ जुनी कशावरून. मी त्याला सांगितलं, ज्यानं पाडलं तोच इथे बसलाय आणि माझे बाबा माझ्याशी खोटं बोलत नाहीत. तू सांग ना सगळ्यांना. एकच ना?"

हरेश्वर उठून उभा राहिला. इथं टेबलापलीकडे एक साहेब नव्हता, दीडशे होते. त्याच्या कानात नुसती गाज ऐकू येत होती. हो म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढंच काम होतं. मॅडम खूश, पोर कायम, डिग्री हातात. हो म्हटलं असतं तर जगात कुणालाही कधीच कळलं नसतं. रुक्मिणी सोडून. आणि पूर्वी ते लिहून काढणार होती, छापणार होती, आणि जन्मभर त्यावर उभी राहणार होती. ती खोटं न बोलता खोटी ठरणार होती, ही भीती बाकी सगळ्या भीतींच्या वर आली.

"नाय गो," तो म्हणाला. "तीन."

माइक त्याच्यापाशी नव्हता. तरी मराठी कळणाऱ्या सगळ्यांना ऐकू गेलं आणि न कळणाऱ्यांना त्यांच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. पूर्वीनं टेबलाची कड धरली.

"मग दाखवा तिन्ही," माधुरी मॅडम शांतपणे म्हणाल्या. "या असे पुढे. घाबरू नका."

घाबरू नका असं म्हटल्यानं कोणी घाबरायचं थांबत नाही. हरेश्वर गुडघा सांभाळत खोक्यापाशी गेला. कोपरा उडालेली खापरी त्यानं बाजूला ठेवली. काळ्या रेघेची उचलली, तीही बाजूला ठेवली. मग त्यानं तिसरी शोधायला सुरुवात केली.

उरलेल्या सातांतली एक त्यानं हातात घेतली आणि भोकात बोट घातलं. दोन्ही बाजूंनी पाडलेलं, मधे जरासं वाकडं, डावीकडे कललेलं. तो बापासारखाच डाव्या मांडीवर खापरी दाबून धरायचा, म्हणून त्याची भोकं नेहमी डावीकडे कलायची. हीच, असं म्हणून त्यानं ती बाजूला ठेवली. सहज म्हणून पुढची उचलली. तीही डावीकडे कललेली होती. त्यानं पहिली परत घेतली, दोन्ही शेजारी धरल्या. मग तिसरी, चौथी. सगळ्या तशाच होत्या. दोरीनं घासून गुळगुळीत झालेली कडही सगळ्यांची सारखीच. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून कापसावर पडला.

"कुठली, बाबा?" पूर्वी त्याच्याजवळ आली होती. आता तिच्या हातात माइक नव्हता आणि ती घरच्यासारखी बोलत होती. "सांग ना. कुठली तुजी?"

"मना नाय कलत गो," हरेश्वर म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "यांतली एक माजी हाय. पन कुठली ते नाय कलत. ज्यानं कोनी पाडलीत ना ही, तोबी माज्यासारखाच धरत होता. मांडीवर. डाव्या."

सम्यकनं ते इंग्रजीत सांगितलं. गोऱ्या पाहुण्यांतली एक म्हातारी बाई उठून टेबलाशी आली आणि बराच वेळ खापऱ्यांकडे न बघता हरेश्वरच्या हातांकडे बघत राहिली. ती काय बघतेय ते त्याला कळेना. त्यानं हात सदऱ्याला पुसले आणि पाठीमागे घेतले.

पूर्वी माइकपाशी गेली. ती थोडंच बोलली, आणि तिनं नऊच्या नऊ खापऱ्यांचा फोटो पडद्यावरून काढून टाकला. माधुरी मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. हरेश्वरनं ते लिहिताना पाहिलं, पण काय लिहिलं ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

दुपारी जेवणाच्या वेळी दोघं मागच्या पायरीवर बसली. खोका मधे होता. बराच वेळ दोघांनी ताटातल्या भाताला हात लावला नाही.

"मघाशी जिन्यात तीन का नाही बोललास?" पूर्वीनं विचारलं.

"घाबरलो."

"मी पण घाबरले होते. तू एक म्हणालास तेव्हा मला कळायला पाहिजे होतं. मी मुद्दाम पुढे विचारलं नाही."

हरेश्वरनं विचारलं, "आता तुझी जागा?"

"माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, सगळं पहिल्यापासून तपासून लिही. परवानगी त्यांनी दिलीय, तू सोमवारी कॉलेजात ये. माझ्यासमोर बसून एकेक हातात घे आणि शोध तुझी कुठली ते."

"आनि नाय सापरली तर?"

पूर्वीनं खोक्याचं झाकण लावलं.

"तर तसंच लिहीन," ती म्हणाली. "की दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापऱ्यांतून माझ्या बापाला आपली ओळखता आली नाही."